डाग कपाळी नव्हे, गालावर!

उजवा डोळा खोबणीतून बाहेर आलेला, गाल भाजलेला, ओठांवरून कातडीची एक पट्टी ताणलेली. असा चेहरा कॉमिक्समध्ये खलनायकाचाच असायचा. पण १९७२ मध्ये लेखक जॉन अल्बानो आणि फिलिपाइन्सचे चित्रकार टोनी डिझुनिगा यांनी 'ऑल-स्टार वेस्टर्न'च्या दहाव्या अंकात तो चक्क नायकाला दिला. नाव जोना हेक्स. धंदा, इनाम लागलेल्या फरारींना जिवंत वा मृत पकडून देण्याचा.

हा चेहरा आला कुठून? ते १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या स्वतंत्र मालिकेत उलगडले. बापाने लहानग्या जोनाला अपाची टोळीला विकले होते. पुढे टोळीप्रमुखाच्या मुलाशी त्याचे द्वंद्व ठरले. त्या मुलाने जोनाच्या कुऱ्हाडीचा दांडा आधीच कमकुवत करून ठेवला होता. ऐन वेळी तो मोडला, तेव्हा जोनाने सुरा उपसला आणि प्रतिस्पर्ध्याला संपवले. नियम मोडला म्हणून प्रमुखाने तापलेली कुऱ्हाड त्याच्या गालावर टेकवली. दगा दुसऱ्याचा, डाग मात्र याच्या तोंडावर!

१९७८ च्या विशेषांकात तर त्याचा शेवटही सांगून टाकला. १९०४ साल, म्हातारा हेक्स चष्मा पुसतो आहे आणि बंदूक धडाडते. पुढे त्याच्या कलेवरात भुसा भरून, भडक कपडे चढवून ते लोकांच्या करमणुकीसाठी मांडले जाते.