सिकलसेल : दोष कुणाचा, शिक्षा कुणाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी आटोपत आली होती. एक ओळखीचे शेतकरी गृहस्थ आत आले आणि काही न बोलता स्टुलावर बसले. तब्येतीचं काही असेल म्हणून मी रक्तदाबाचं यंत्र पुढे ओढलं, तर ते म्हणाले, "माझं काही नाही डॉक्टरसाहेब. पोरीची सोयरीक मोडली."

कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. त्यात मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस' आला. ही बातमी मुलाकडच्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी निरोप पाठवला, 'रोगी पोरगी नको.' मी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "मुलाचा रिपोर्ट काय आहे?"

"मुलाचा?" ते गोंधळले. "मुलाचा कशाला? तो तर चांगला धडधाकट आहे."

"मग तुमची मुलगी कुठे आजारी आहे?"

यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारपासून मेळघाटपर्यंतच्या सातपुड्यात हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

रक्तपेशीचा विळा कसा होतो?

आपल्या शरीराची घडण कशी व्हावी, याच्या सूचना प्रत्येक पेशीतल्या गुणसूत्रांत साठवलेल्या असतात. गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक वडिलांकडून. या गुणसूत्रांवर सुमारे वीस हजार जनुकं असतात. जनुक म्हणजे एकेका कामाची लेखी सूचना समजा. साहजिकच बहुतेक सूचनांच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची आणि एक वडिलांची.

रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन ज्या सूचनेनुसार बनतं, त्यातली एक सूचना अकराव्या गुणसूत्रावर आहे. या सूचनेनुसार १४६ घटकांची एक माळ ओवली जाते. सिकलसेलमध्ये या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो, बाकी सगळं जसंच्या तसं. पण तेवढ्यानं प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. 'सिकल' म्हणजे विळा, त्यावरून आजाराला हे नाव पडलं. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळे दिसतात.

सन १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी दंतवैद्यक शिकणाऱ्या एका तरुणाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम आढळला.

'एएस' आणि 'एसएस' यांतला फरक

सगळा घोटाळा या दोन अक्षरांत आहे, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर 'एए'. एक चांगली आणि एक सदोष असेल तर 'एएस'. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. ती रोगी नव्हे. ती शेतात राबते, बाळंत होते, म्हातारी होते. तिला औषध लागत नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तर 'एसएस', आणि तोच रुग्ण.

आता नवराबायको दोघेही 'एएस' असतील तर काय होतं? मूल राहताना प्रत्येकजण आपल्या दोन प्रतींपैकी एकच बाळाला देतो. कोणती जाईल हे छापा-काट्यासारखं. चारांतली एक शक्यता 'एसएस'ची, दोन 'एएस'च्या आणि एक 'एए'ची. पण इथे एक गैरसमज होतो. "पहिलं बाळ आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली होतील," असं लोक समजतात. तसं नाही. नाणं दर खेपेला नव्यानं उडतं. प्रत्येक गर्भारपणात धोका तेवढाच, चारांत एक.

आणि एकजण 'एएस', दुसरा 'एए' असेल तर? मुलं 'एए' किंवा 'एएस' होतील, 'एसएस' मूल होणार नाही. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या जावयाचा रिपोर्ट 'एए' आला असता, तर हे लग्न या बाबतीत अगदी निर्धोक होतं.

माझी चूक

हे सगळं मी आज शहाणपणानं सांगतो आहे, पण माझ्या हातूनही चूक झाली आहे. दवाखाना टाकला त्या सुरुवातीच्या वर्षांत सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. पावसाळ्यात, थंडीत त्याचे हातपाय दुखायचे. मी संधिवाताचा ताप समजून वर्षभराहून अधिक काळ उपचार केले. डोळे पिवळसर दिसले तेव्हा काविळीचा पथ्यपाणी सांगितला. त्याचा रंग फिकट होता, तर लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढी चिन्हं समोर असून दोन थेंब रक्त तपासावं, हे मला सुचलं नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात 'एसएस' निदान झालं.

त्याहून वाईट घडलं ते घरात. सासूनं सुनेला धारेवर धरलं, "तुझ्याच माहेरचं हे दुखणं." खरं तर 'एसएस' मुलाला एक सदोष प्रत आईकडून आलेली असते, तशी एक बापाकडूनही आलेली असतेच. पण बापाची तपासणी कुणी मागितली नाही आणि मीही ती वेळेवर करायला लावली नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारं घर आणि हे घर, दोघांची चूक एकाच जातीची. मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे आपण शाळेत शिकतो आणि घरी विसरतो.

हा कुणा एका जातीचा रोग नव्हे

गावात अजूनही ऐकू येतं, "हा अमक्या लोकांचा रोग." आपल्याकडे आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांत हा दोष अधिक आढळतो हे खरं. पण तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. कारण हिवतापात आहे. ज्याच्याजवळ एकच सदोष प्रत आहे, त्याचं जीवघेण्या हिवतापापासून बरंचसं रक्षण होतं, हे डॉ. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथे डासांनी पिढ्यान् पिढ्या माणसं मारली, तिथे 'एएस' लोक तगले. ज्याला आपण कलंक म्हणतो, त्यानं कुणाच्या तरी पणजोबाचा जीव वाचवला आहे.

अर्धवट ज्ञानानं काय होतं, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तिथे १९७० नंतर कृष्णवर्णीयांच्या तपासण्यांची मोहीम निघाली. काही राज्यांनी सक्ती केली, पण समजावून सांगणं राहून गेलं. वाहकालाच रोगी समजून कुणाला नोकरी नाकारली, कुणाला विमा. शेवटी १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं तपासणी ऐच्छिक असण्यावर आणि समुपदेशनावर भर दिला. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. अभियान चांगलं आहे. पण रिपोर्टाचा कागद घरात आला आणि त्याचा अर्थ आला नाही, तर मुलींच्या सोयरिकी मोडण्यापलीकडे काही साधणार नाही.

मग करायचं काय?

लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी करा. एकट्या मुलीची नको. शिबिरातली पहिली चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. 'एएस' की 'एसएस' हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीनं कळतं. एकाला सिकलसेलचा दोष आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचा असेल, तरीही आजारी मूल होऊ शकतं. म्हणून जोडीदाराचीही हीच पक्की चाचणी हवी.

मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे चाल आहे. घरात दोष असेल तर दोघांजवळ तोच असण्याचा संभव वाढतो, तेव्हा अशा लग्नात अधिक सावध राहा.

दोघेही 'एएस' असून लग्न झालेलं असेल तर घाबरू नका, भांडू नका. दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नाही.

घरात 'एसएस' रुग्ण असेल तर त्याला भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका. ताप आला, छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा लहान मुलाचं पोट एकाएकी फुगलं, तर तडक रुग्णालय गाठा. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधांनी पुष्कळ रुग्णांचं आयुष्य सुसह्य झालं आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. लोहाच्या गोळ्या मनानं देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तो इतका महाग आहे की आपल्यासाठी आज तरी तपासणी हाच खरा उपाय.

त्या शेतकऱ्याची मोडलेली सोयरीक काही जुळली नाही. मला काळजी वाटते ती त्या मुलाची. तो आता दुसऱ्या मुलीशी लग्न करील, तेही स्वतःचं रक्त न तपासता. तो 'एएस' असला आणि ती मुलगीही तशीच निघाली तर?

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी रक्तदाब तपासून घ्यायलाच आले होते. म्हणाले, "दुसरं स्थळ आलं होतं, डॉक्टरसाहेब. आमच्या पोरीचा कागद मी आधीच समोर ठेवला. मग चहा यायच्या आत विचारलं, मुलाचा रिपोर्ट आणला का?"

"मग काय म्हणाले?"

"नव्हता आणला. पण सोमवारी करून आणतो म्हणाले."