सर्टिफिकेट रिन्यू झालं, पण साइटवर लागलं का?

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. पण शाळेची, पतसंस्थेची, सोसायटीची किंवा एखाद्या दुकानाची वेबसाइट ज्यांच्या गळ्यात पडलेली आहे, त्यांनी शेवटपर्यंत थांबा. विषय आहे साइटचं सिक्युरिटी सर्टिफिकेट. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं ना, त्यामागचं हे प्रमाणपत्र.

आधी ते काय सांगतं ते बघू. हे नाव या सर्व्हरचंच आहे, आणि तुमच्या आणि त्याच्या मधलं बोलणं कुलूपबंद आहे, एवढंच. साइटवाला प्रामाणिक आहे, असं ते सांगत नाही. फसवणूक करणाराही स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट घेऊ शकतो. लोकांचा नेमका हाच गैरसमज होत होता, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं.

आता मुदत. सप्टेंबर २०२० पासून एक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचं. मग ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून २०२५ मध्ये नवी उतरंड ठरवली: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७. कारण साधं आहे. किल्ली चोरीला गेली किंवा डोमेन दुसऱ्याकडे गेलं, तर जुनं सर्टिफिकेट फार काळ बाजारात फिरायला नको. पण याचा अर्थ असा, की वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपले.

उपाय सगळ्यांना माहीत आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते, नेहमीची मुदत ९० दिवस. सर्व्हरवर सर्टबॉटसारखा प्रोग्राम बसवला, की ३० दिवस उरले असताना तो आपोआप नवं आणतो. मग लोक निर्धास्त होतात. आणि मी आज बोलतोय ते याच निर्धास्तपणाबद्दल. 'आपोआप' या शब्दात चार ठिकाणी माशी शिंकते.

पहिलं ठिकाण. नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं, पण वेब सर्व्हरने मेमरीत जुनंच धरून ठेवलंय. लोकलचा नवा पास काढून कपाटात ठेवला आणि पाकिटात जुनाच राहिला, तर टीसी कपाट बघायला घरी येत नाही! नूतनीकरणानंतर सर्व्हर रीलोड व्हायलाच हवा. सर्टबॉटमध्ये त्यासाठी डिप्लॉय हुक असतो, तिथे ती कमांड लिहून ठेवा.

दुसरं. सर्टिफिकेट देण्याआधी, डोमेन तुमच्याच ताब्यात आहे का, हे बाहेरून तपासलं जातं. बऱ्याचदा ही तपासणी पोर्ट ८० वरून होते. कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली ते पोर्ट बंद करतं, किंवा डोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं जातं. साइट छान चालू असते, नूतनीकरण मात्र रोज गुपचूप फसत असतं. म्हणून सेटिंग बदललं, की सर्टबॉटची ड्राय रन चालवून बघा. त्यात खरं सर्टिफिकेट निघत नाही, फक्त रंगीत तालीम होते.

तिसरं. नावं आणि मशिनं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, ही दोन वेगळी नावं आहेत बरं का. फी भरायचं पान वेगळ्या सबडोमेनवर असेल तर तेही वेगळं. लोड बॅलन्सरमागे तीन सर्व्हर असतील आणि एकच जुना राहिला, तर तक्रार कधी येते, कधी येत नाही.

चौथं. सर्टिफिकेटची साखळी. तुमच्या सर्टिफिकेटसोबत मधल्या दुव्याचं सर्टिफिकेटही सर्व्हरने पाठवायचं असतं. ते राहिलं, तर संगणकावरचे बरेच ब्राउझर तो दुवा स्वतः शोधून आणतात किंवा आधी साठवलेला वापरतात. अँड्रॉइड ॲप मात्र अडतं. "माझ्याकडे तर उघडतंय" हे वाक्य इथेच दगा देतं.

मग तपासायचं कसं? सर्व्हरच्या आत फाइल बघून नव्हे, तर बाहेरून, गिऱ्हाईक येतं त्या दारातून. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि शेवटची तारीख व नावं वाचा. साखळीसाठी क्वालिसच्या एसएसएल लॅब्सची मोफत चाचणी आहे. आणि एक निगराणी दुसऱ्याच मशिनवरून ठेवा. ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचे २० दिवस उरले, की तिने मेसेज पाठवला पाहिजे. ३० व्या दिवशी काम व्हायला हवं होतं, म्हणजे २० उरणं हीच बिघाडाची खूण. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केलेत, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. तो मेसेजही एकाच माणसाला जाऊ देऊ नका. माणसं नोकऱ्या बदलतात.

एवढा आटापिटा कशासाठी? साइट बंद पडते म्हणून, हे तर आहेच. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांचा मोबाइल डेटा गेला होता. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. पण छोट्या साइटचं नुकसान वेगळं असतं. मुदत संपते, फॉर्मचा शेवटचा दिवस असतो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरतो: "लाल पान आलं तर घाबरू नका, ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा." सर्टिफिकेट तासाभरात दुरुस्त होतं. पण पालकांना, खातेदारांना लागलेली ती सवय तशीच राहते. उद्या स्टेशनवरच्या वायफायवर खरोखर कुणी मध्ये बसलेलं असेल, तेव्हाही ते असंच पुढे जातील.

तर आजचा गृहपाठ: तुमच्या साइटची सगळी नावं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर शेवटची तारीख लिहा. एखादं नाव आठवत नसेल, तर सीआरटी डॉट एसएच या साइटवर तुमचं डोमेन टाकून शोधा, त्यावर आजवर निघालेली सर्टिफिकेटं तिथे दिसतात. विसरलेलं एखादं सबडोमेन हमखास सापडेल. काय सापडलं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!