इंटरनॅशनल बिझनेसचे मास्टर्स : जर्मनीला जाण्याआधी

आपल्या बडोद्याला परदेशी शिक्षणाचे नवल नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा पैसा संस्थानाचा होता. आज तो बहुतेक घरांत वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून किंवा फ्लॅट तारण ठेवून उभा राहतो. म्हणून बी.कॉम., बी.बी.ए. झालेल्या मुलामुलींसाठी सभासद जर्मनीतल्या इंटरनॅशनल बिझनेसच्या मास्टर्सची चौकशी करतात, तेव्हा आम्ही आधी एकच विचारतो : विद्यापीठ सरकारी की खासगी?

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धेच खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. दर सहामाहीला काहीशे युरोंपर्यंतची वर्गणी असते आणि तीत पुष्कळदा बस-ट्रामचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात (मानहाइम, हायडेलबर्ग, स्टुटगार्ट तिथेच) युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता शुल्क सुरू केले आहे. खासगी संस्थांचा खर्च मात्र कित्येक पटींनी जास्त. पदवीचे नाव तेच, माहितीपत्रक गुळगुळीत, आणि प्रवेश चटकन मिळतो. काही खासगी संस्था खरोखर नावाजलेल्या आहेत, हे मान्य. पण एजंटाला कमिशन सहसा खासगी संस्थेकडूनच मिळते, तेव्हा त्याने दाखवलेल्या यादीत सरकारी विद्यापीठ का नाही, हे त्याला जरूर विचारावे.

आणखी एक भेद ध्यानात असू द्या. पदवीनंतर थेट करायचे मास्टर्स वेगळे आणि नोकरी केलेल्यांसाठीचे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सहसा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि त्याला सरकारी विद्यापीठेही फी घेतात. एम.बी.ए. बहुधा याच प्रकारात मोडते.

खरी गोची क्रेडिटची आहे. युरोपात एका वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट धरतात. म्हणजे आपली तीन वर्षांची पदवी साधारण १८० ची. जर्मनीत पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० व्हावे लागतात, त्यामुळे चार सहामाहींचा, १२० क्रेडिटचा अभ्यासक्रम आपल्या मुलांना बरोबर बसतो. तीन सहामाहींचा मात्र ९० चाच असतो आणि त्याला आधीची पदवी २१० ची लागते. ‘दीडच वर्षात मास्टर्स’ ऐकून आनंदाने अर्ज करणारे इथेच अडतात. शिवाय अर्थशास्त्र, अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स या विषयांत अमुक इतके क्रेडिट हवेतच, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. बी.कॉम.वाल्यांना ती सहसा जड जात नाही. इंजिनिअरांचा अर्ज गुण चांगले असूनही तिथे मागे पडतो.

गुणांचेही तसेच. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला एक सूत्र आहे : शंभरातून मिळालेले गुण वजा करा, उत्तराला तीनने गुणा, शंभर आणि पासाची मर्यादा यांतल्या फरकाने भागा, आणि त्यात एक मिळवा. पास ४० ला असेल तर ७० टक्क्यांचे २.५ होतात. पुष्कळ ठिकाणी २.५ ची अट असते. ६५ टक्के म्हणजे २.७५, आणि आपल्याकडचा फर्स्ट क्लास तिथे दाराबाहेर राहतो!

पैशांत सगळ्यात मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी ११,९०४ युरो आधीच खात्यात ठेवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे आपलेच, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने परत मिळतात. ते महिन्याच्या खर्चाला पुरतील की नाही, हे शहरावर अवलंबून. म्युनिकमध्ये खोलीचे भाडेच त्यातला मोठा वाटा खाते. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पण त्या कमाईवर कर्जाचा हप्ता धरू नका.

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ए.पी.एस. या कार्यालयाचे प्रमाणपत्रही लागते. ते कागदपत्रे तपासतात आणि त्याला काही आठवडे जातात. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी तयारी आदल्या वर्षीच्या दिवाळीत लागली तर धावपळ होत नाही.

राहिली भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कंपनीतले ग्राहक, पुरवठादार आणि बैठका जर्मनच. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहण्याची परवानगी मिळते, आणि तेवढ्यात शून्यापासून जर्मन शिकून मार्केटिंग किंवा पर्चेसची नोकरी मिळवणे कठीण. जाण्याआधी निदान ए२ पातळी गाठा, आणि तिथे शिकता शिकता बी२ पर्यंत जा. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग ऑनलाइनही चालतात, त्यामुळे त्यासाठी बडोदे सोडावे लागत नाही.