वॉरंटीतलं इंजिन

अचलपुरात गाडी घ्यायची म्हणजे बहुतेकांची पावलं परतवाड्याच्या शोरूमकडेच वळतात. वर्षभरात सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला, तर इंजिनात ऑइल जळतंय असं समजा. अशा वेळी ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून घ्यायचा मोह आवरा. बाहेर इंजिन खोललं की वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. चुकलेली फ्री सर्व्हिस हे दुसरं कारण. क्लच प्लेट, ब्रेक शू, प्लग हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतातच, त्यावर वाद घालू नका.

खरी भिस्त शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना बनणाऱ्या जॉबकार्डावर. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर आणि तारीख पाहा, प्रत मागा. ‘सर्व्हिस केली’ एवढंच लिहिलेला कागद पुढे कामाचा नाही.

दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढची पायरी अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार कंपनी कुठलीही असो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.