केकवरचा लाल थर घरचाच बरा

वाढदिवस म्हटला की केक आला आणि केक म्हटला की त्यावरचा काचेसारखा चकाकणारा लाल थरही आला. मुलांचे सारे लक्ष त्या थरावर असते. केक ताटलीत उरतो, थर आधी संपतो. बेकरीवाले याला ग्लेझ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते, हा स्ट्रॉबेरीचा रस असावा. पुष्कळदा तो डब्यातून आलेला तयार जेल असतो. त्यात पाणी, साखर, घट्टपणा आणणारे पदार्थ, इसेन्स आणि रंग हेच मुख्य. फळ नावापुरते असते, काही वेळा तेवढेही नसते.

खाद्यपदार्थांत घालण्यास आपल्याकडे मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांचेही प्रमाण ठरवून दिलेले आहे. अडचण येते ती नियम न पाळणाऱ्यांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत आणि मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात ‘म्हातारीचे केस’ या मिठाईवर कारवाई झाली. तपासणीत तिच्यात कापड रंगवण्यास वापरला जाणारा रोडामाइन-बी हा रंग सापडला होता. म्हणून प्रत्येक लाल केक विषारी असे मुळीच नाही. पण उघड्यावर मिळणाऱ्या भडक गुलाबी पदार्थाकडे संशयाने पाहावे, हे खरे.

रंगापेक्षा मोठा प्रश्न साखरेचा आहे. दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले. रोज १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा ४० ग्रॅम, शक्यतो २० ग्रॅम होते. आता घरी अनेकजणी ग्लेझ म्हणून बाजारचा जॅम पातळ करून ओततात. जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावे असा नियमच आहे. तेव्हा २० ग्रॅमचा एक मोठा चमचा जॅम म्हणजे सुमारे १३ ग्रॅम साखर! केक, आइस्क्रीम आणि सरबत यांचा हिशेब वेगळाच.

आपल्या सातारा जिल्ह्यात तर या खटाटोपाची गरजच नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाजारात असते. ग्लेझसाठी मोठी, सुबक फळे घेऊ नयेत. लहान, वेडीवाकडी पण पूर्ण पिकलेली घ्यावीत. पैसेही वाचतात आणि गोडी जास्त असल्याने साखरही कमी लागते.

पाव किलो स्ट्रॉबेरी देठासकट वाहत्या पाण्यात धुवावी आणि मग देठ काढावेत. आधी देठ काढून भिजत ठेवली तर फळ पाणी पिते व बेचव होते. त्यातील १५० ग्रॅम फळे पाव कप पाणी घालून मिक्सरमधून काढावीत. उरलेल्यांच्या पातळ चकत्या करून बाजूला ठेवाव्यात. गर स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात घ्यावा. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाच्या भांड्यात आंबट फळ शिजवले तर धातूची चव उतरते आणि रंगही काळवंडतो. चहाचे चार सपाट चमचे साखर घालून मंद आचेवर उकळी आणावी. दोन सपाट चमचे कॉर्नफ्लॉवर दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत ओतावे. गरम गरात कोरडे पीठ टाकल्यास गुठळ्या ठरलेल्याच. सुरुवातीला मिश्रण दुधाळ दिसेल. घाबरू नये. एक-दोन मिनिटे उकळल्यावर ते पारदर्शक होते. पीठ शिजल्याची तीच खूण. पळीच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद करावा.

लिंबाचा एक चमचा रस मात्र यानंतरच घालावा. आंबट रसाबरोबर पीठ फार वेळ उकळले तर त्याचा घट्टपणा मोडतो. लिंबामुळे स्ट्रॉबेरीचा लाल रंग खुलतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. मिश्रण कोमट झाल्यावर कच्च्या चकत्या त्यात मिसळाव्यात. शिजवताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते, ते या चकत्यांतून मिळते. एवढे ग्लेझ आठजणांना पुरते आणि वरची साखर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच ग्रॅम येते. कस्टर्डवर किंवा गोड चक्क्यावर घालायचे असेल तर पूर्ण गार होऊ द्यावे, नाहीतर दूध फुटल्यासारखे दिसते.

हंगाम सरला की पिकलेल्या हापूसचा गर घ्यावा. त्यात साखर जवळजवळ लागतच नाही. अननस मात्र शिजवूनच वापरावा. कच्च्या अननसातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने तोडते आणि कस्टर्ड कडू होते. अननसाचे कस्टर्ड कडू झाले म्हणून दूधवाल्याला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला की मधुमेही माणसाने पोटभर खावे, ही समजूत घरोघरी आढळते. ती चुकीची आहे. मध आणि गूळ यांनीही रक्तातील साखर वाढते, कॉर्नफ्लॉवरनेही वाढते. मधुमेहींनी ताज्या स्ट्रॉबेरीच्या चकत्या गोड न घातलेल्या दह्यावर घ्याव्यात, आणि त्याही आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. एक वर्षाच्या आतील बाळाला तर मध कोणत्याच रूपात देऊ नये.

जॅम महिनोन्‌महिने टिकतो तो त्यातील भरपूर साखरेमुळे. आपण साखर कमी केली, तेव्हा हे ग्लेझ टिकाऊ नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. बरणीत उष्टा चमचा घालू नये. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेले मुलांना देऊ नये, सगळेच टाकून द्यावे.