वाघरीबाहेरचा राखणदार

धनगरी कुत्र्याचं मुख्य काम राखणीचं आहे. भातकापणी उरकल्यावर पेण-रोह्याच्या खाचरांत उतरणाऱ्या धनगरवाड्यांवर तो दिसतो, आणि परदेशी चित्रफिती पाहिलेल्यांना वाटतं की हा मेंढ्या हाकत असणार. मेंढ्या वळतात त्या मेंढपाळाच्या हाकेने, शिळेने आणि काठीने. कुत्रा कडेने चालतो, थांबतो, वारा घेतो.

हा फरक मुलखामुळे पडला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली नजरेच्या धाकाने कळप वळवतो. १८९३ साली नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा त्या घराण्याचा मूळपुरुष. वेल्सचा बुटका कॉर्गी गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना पुढे काढतो. त्या मुलखांतले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले, त्यामुळे कुत्र्याला हाकण्याचं काम देणं परवडलं. फलटण-बारामतीच्या माळावर लांडगा आजही आहे, आणि घाट उतरला की बिबट्या.

मेंढ्या कोकणात का येतात, याचं उत्तर कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला धनगरांवर केलेल्या अभ्यासात सापडतं. त्यांनी धनगरांच्या पोटजातींची वाटणी पावसाच्या हिशेबाने समजावून घेतली. कमी पावसाच्या पठारावर मेंढ्या राखणारे हटकर, घाटमाथ्याच्या पावसात म्हशी राखणारे गवळी धनगर. दख्खनी मेंढीला चिखल सोसत नाही, तिचे खूर सडतात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून हटकरांचा वाडा इथे कोरड्या महिन्यांपुरताच राहतो आणि मृगाआधी देशावर परततो. शेतकरी खाचरात कळप बसवून घेतो, लेंडीखत मिळवतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. खाचरातल्या ओलीवर वाल पेरलेला असतो, आणि रोहा तालुक्यात डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवर उन्हाळी भातही घेतलं गेलं. दोन पिकांच्या मधून कळप नेताना कुत्र्याने मेंढरं बुजवली, तर भांडण मेंढपाळाच्या गळ्यात येतं. उतावळा कुत्रा वाड्यावर टिकत नाही.

धनगरी कुत्र्याचं रूप ठरावीक नाही. अंगावर आखूड केस, अंगकाठी मध्यम आणि सडपातळ, पाय लांब. रंग, कान, शेपटी मात्र वेगवेगळी. वाटेतल्या गावठी कुत्र्यांशी संकर होतच असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या देशी श्वानजातींत मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई आहेत. २००५ साली निघालेल्या टपाल तिकिटांवर हिमालयातला मेंढपाळी कुत्राही झळकला. धनगरी कुत्र्याला असा मान मिळाला नाही, आणि कान-शेपटीच्या मापाने तो मिळूही नये. प्रदर्शनासाठी रूप निवडू लागलं की स्वभावाची निवड मागे पडते. या कुत्र्याचं सगळं मोल स्वभावात आहे.

तो स्वभाव पिलूपणी घडतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी १९७०च्या दशकापासून युरोप-आशियातले राखणदार कुत्रे अभ्यासले. चांगल्या राखणदारात त्यांना तीन गोष्टी दिसल्या: कळपाकडे सतत ध्यान, कळपाला इजा न करणं आणि परक्याला अडवणं. चौथ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू ज्यांच्या संगतीत राहतं, त्यांना ते आपलं मानतं. कोकरांमध्ये लोळणारं पिलू पुढे मेंढीवर दात धरत नाही. या काळात त्याला गावातल्या घरी ठेवलं, तर ते माणसांचं होतं. मग कितीही शिकवलं तरी कळपाचं होत नाही. मेंढीशी खेळताना लोकर ओढणाऱ्या पिलाला तिथल्या तिथे दरडावणं, एवढंच शिक्षण पुरतं.

रात्री मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडली जातात आणि कुत्रा बाहेर असतो. हीच त्याची सर्वांत धोक्याची वेळ. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. राखणदार स्वतःच शिकार असतो. हिमाचलात गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या गळा धरतो. जाळ्याजवळ उजेड आणि एकाऐवजी दोन कुत्री, हेही उपाय आहेत.

भाकरी, ताक, उरलेला भात हे त्याचं खाणं. त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही, पण गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीला जास्तीचं दूध, अंडी किंवा मांस हवंच. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: मेलेल्या मेंढीचं कच्चं डोकं किंवा काळीज कुत्र्याला घालणं. मेंढीच्या मेंदूतल्या पाणफोडात पट्टकृमीची डिंभके असतात. ती खाऊन कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, आणि ते गवत खाणारी मेंढी पुढे एकाच जागी गरगर फिरत मरते. काळजातल्या अशाच फोडांचा दुसरा कृमी माणसालाही ग्रासतो. म्हणून दर तीन महिन्यांनी कुत्र्याला प्रॅझिक्वांटेलचं जंतनाशक देणं हे कळपाचंच औषध आहे. कोकणाच्या दमट हवेत गोचीड फार. तिच्यातून रक्तात शिरणारे रोग ताप आणि फिकट हिरड्यांवरून ओळखावेत.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, त्यानंतर पशुवैद्याने सांगितलेली पुढची मात्रा आणि दरवर्षी एकदा, असा क्रम असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर पिलांना नेतात, त्यांच्या लशी आणखी आधी सुरू होतात. अडचण वाड्याच्या चालीची आहे: पहिली मात्रा एका तालुक्यात होते आणि दुसरीच्या वेळी वाडा घाटापलीकडे असतो. पावसाळ्याआधी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायला कळप थांबतोच. त्याच दिवशी कुत्र्यालाही टोचावं आणि तारखेचा कागद बिऱ्हाडात जपावा, म्हणजे पुढच्या गावच्या दवाखान्यात मात्रा तिथून पुढे चालू करता येते.