राष्ट्रपतीची सही आणि मंत्रिपरिषदेचा सल्ला

भारतीय संविधानाचे ५३ वे कलम केवळ शब्दशः वाचले, तर संघराज्याची सर्व कार्यकारी सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटली आहे, असे कोणासही वाटेल. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतो. त्याची मर्जी असेपर्यंत मंत्री अधिकारपदावर राहतात. संसदेचे अधिवेशन चालू नसताना तो वटहुकूम काढतो. आणि शासनाची प्रत्येक कृती त्याच्याच नावाने होते. परंतु ७४ वे कलम सांगते की, राष्ट्रपतीस साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानाच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिपरिषद असेल. या दोन कलमांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न गणराज्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न झाला. त्याचे उत्तर कसे ठरत गेले आणि त्या उत्तरात राष्ट्रपतीच्या वाट्यास नेमके काय उरले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घटनाकारांचा हेतू संदिग्ध नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असे स्पष्ट केले होते की, आपल्या राष्ट्रपतीचे अमेरिकेच्या अध्यक्षाशी केवळ नामसादृश्य असून त्याचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राज्याचा प्रमुख आहे, कार्यकारी मंडळाचा नव्हे. या व्यवस्थेचे मर्म ७५ व्या कलमात सापडते. मंत्रिपरिषद लोकसभेस सामुदायिकपणे जबाबदार असते. मंत्र्यांना लोकसभेत जाब विचारता येतो, अविश्वासाचा ठराव करून त्यांना दूर करता येते. राष्ट्रपतीस मात्र तेथे कोणी प्रश्न विचारू शकत नाही. तेव्हा त्याने सल्ला झुगारून स्वतःच्या मताने राज्य चालविले, तर त्या कृतीची जबाबदारी लोकांपुढे कोणीच घेणार नाही. ज्याला जाब विचारता येतो, त्याच्याच हाती सत्ता असावी, हे संसदीय पद्धतीचे मूलतत्त्व होय.

तथापि, दिलेला सल्ला राष्ट्रपतीस बंधनकारक आहे, असे शब्द मूळ ७४ व्या कलमात नव्हते. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रसंगी आपल्या विवेकानुसार निर्णय घेण्याचा मानस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पंतप्रधान नेहरू यांस कळविला. त्यावर महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी राष्ट्रपतीने सल्ल्यानुसारच वागले पाहिजे, असा अभिप्राय दिला. पुढे नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्ली येथील एका भाषणात राजेंद्रप्रसादांनी या प्रश्नाचा अभ्यास व्हावा असे सुचविले. परंतु प्रत्यक्ष कृतीत त्यांनी सल्ल्याची मर्यादा ओलांडली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये रामजवाया कपूर खटल्यात आणि १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात राष्ट्रपती हा घटनात्मक प्रमुख आहे, असाच निर्वाळा दिला.

सल्ला बंधनकारक मानला, तरी तो कोणाचा आणि कोणत्या रीतीने दिलेला, हा प्रश्न उरतो. त्याचे गांभीर्य १९७५ साली सर्वांच्या प्रत्ययास आले. २५ जूनच्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पत्रावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी भरली आणि आधीच झालेल्या गोष्टीस तिने मान्यता दिली. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागेल, असे शब्द ७४ व्या कलमात घातले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते बंधन कायम ठेवले, परंतु दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर घातली. एक अशी की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतीस आणीबाणी पुकारता येणार नाही. दुसरी अशी की, कोणताही सल्ला त्यास एकदा पुनर्विचारासाठी परत पाठविता येईल. मात्र पुनर्विचारानंतर आलेला सल्ला त्याने मानलाच पाहिजे.

हा दुसरा अधिकार वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, कारण अखेरचा शब्द मंत्रिपरिषदेचाच राहतो. अनुभव मात्र वेगळा आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठविली. मंत्रिमंडळाने ती पुन्हा केली नाही आणि निर्वाचित राज्य सरकार टिकले. १९९८ च्या सप्टेंबरात बिहारविषयीची वाजपेयी मंत्रिमंडळाची तशीच शिफारस त्यांनी परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यांनी सही केली. याउलट मे २००५ मध्ये बिहार विधानसभेच्या विसर्जनाची शिफारस रात्री मॉस्कोस पाठविण्यात आली आणि तेथे दौऱ्यावर असलेले राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तीस संमती दिली. ते विसर्जन घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुढे दिला. परंतु तोपर्यंत नव्या निवडणुका जाहीर होऊन गेल्याने जुनी विधानसभा पुन्हा जिवंत झाली नाही.

विधेयकांच्या बाबतीत १११ व्या कलमाने असाच अधिकार दिला आहे. धनविधेयक वगळता अन्य विधेयक राष्ट्रपती संसदेकडे परत पाठवू शकतो. संसदेने ते पुन्हा संमत केल्यास त्यास अनुमती नाकारता येत नाही. २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक कलाम यांनी परत केले, संसदेने ते तसेच पुन्हा मंजूर केले आणि त्यांनी त्यावर सही केली. परंतु निर्णय किती दिवसांत घ्यावा, हे या कलमात सांगितलेले नाही. त्यामुळे १९८६ चे टपाल विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमतही केले नाही आणि परतही पाठविले नाही. त्यांची कारकीर्द संपेपर्यंत ते तसेच पडून राहिले.

राष्ट्रपतीस स्वतःच्या विवेकाने वागावे लागते असा खरा प्रसंग म्हणजे लोकसभेत कोणत्याच पक्षास स्पष्ट बहुमत नसताना पंतप्रधानाची निवड करणे हा होय. १९७९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी चरणसिंग यांस आणि १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी वाजपेयी यांस पाचारण केले. पहिल्यांनी लोकसभेस तोंड न देताच राजीनामा दिला. दुसऱ्यांचे सरकार १३ दिवस टिकले. निवड राष्ट्रपतीची असली, तरी तिची कसोटी लोकसभेतच लागते.

यावरून राष्ट्रपतिपद हे निव्वळ शोभेचे पद आहे, असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच ते सत्तेचे दुसरे केंद्र आहे असे मानणेही चुकीचे ठरेल. निर्णय घेण्याचा अधिकार मंत्रिपरिषदेचा आहे. तो घेताना पुन्हा एकदा विचार करावयास लावणे, हा राष्ट्रपतीचा अधिकार आहे. निर्णय आणि सही यांच्यामध्ये घटनेने जो थोडासा अवकाश ठेवला आहे, तो १९९७ साली एका राज्याच्या निर्वाचित सरकारला पुरेसा ठरला. हा अवकाश घटनेच्या शब्दांनी निर्माण होतो, परंतु त्याचा उपयोग होणे हे पदावरील व्यक्तीच्या सावधपणावर अवलंबून राहते.